तुळजाजींचा तिसरा रकाना

आमच्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राजांची नावं मिरवणारे बरेच लोक आहेत, आणि त्यांतल्या एकालाही बँकेत कुणी बसा म्हणत नाही. तुळजाजी त्यांतलेच एक. वय अडुसष्ट, उंची बेताची, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. नात्यानं ते माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणते. मी अंबुजा. तेहतीस वर्षं सरकारी शाळेत तमिळमधून गणित शिकवून आता घरी बसले आहे. मराठी आम्ही सगळेच बोलतो, पण देवनागरी वाचता येणारी माणसं गल्लीत मोजून तीन, आणि तुळजाजी त्या तिघांत नाहीत. तेव्हा मी इथे जे लिहिणार आहे ते त्यांना कधीच वाचता येणार नाही, ही माझी मोठी सोय आहे.

तीस वर्षं ते एका तमिळ दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. चुका म्हणजे अक्षरांच्या. बातमीच चुकीची असली तर ती त्यांच्या खात्यात येत नसे. एका मंत्र्याच्या नावातलं एक अक्षर गळून भलताच अर्थ होत होता आणि आपण मशीन थांबवून पेपराची अब्रू वाचवली, ही कथा गल्लीतल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. मंत्री कुठला, ते मात्र दर वेळी बदलतं. तीस वर्षांत स्वतःचं नाव एकदाही पेपरात आलं नाही, याचं दुःख त्यांना होतंच. बायकोला, कनकलतावहिनींना, त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. नाव पेपरात आलं नाही म्हणजे पोलिसही आले नाहीत, एवढंच त्या म्हणत.

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर मुलाकडे बंगळूरला. तुळजाजींनी घरापुढच्या ओट्यावर वाचनालय काढलं. ओट्याला आम्ही तिण्णै म्हणतो, आणि वाचनालय म्हणजे एक तमिळ पेपर नि सहा म्हातारे. पेपर बारा पानी, म्हणजे घडी मोडली की मोठे कागद तीन. सगळ्यांत बाहेरच्या कागदावर पहिलं, दुसरं, अकरावं आणि बारावं पान, तो तुळजाजींचा. त्याच्या आतला निधनवार्ता आणि टेंडरांचा. तो चौघांत मिळून. अगदी आतला, पाच ते आठ पानांचा, राशिभविष्य आणि शब्दकोडं असलेला, तो हनुमंतरावांचा. हे हनुमंतराव सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर, आणि आपला कागद ते सरळ घरी घेऊन जात. घरी म्हणजे घरातल्या नेमक्या कुठल्या खोलीत, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो कागद परत कुणी मागत नसे.

या पद्धतीमुळे पूर्ण बातमी कुणालाच कळायची नाही. पहिल्या पानावर सुरू झालेली गोष्ट सातव्या पानावर गेली की ती हनुमंतरावांबरोबर आत गेली आणि कडी लागली. तुळजाजींनी त्यावर एक सिद्धांतच काढला होता. पहिल्या पानावर मावते तेवढीच बातमी, उरलेला सगळा पाल्हाळ, मी तीस वर्षं वाचलाय. छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर वाद कोण घालणार? फोनवर बातम्या बघायला तिण्णैवर बंदी होती.

त्यांचा खरा दरारा होता तो वहीमुळे. दोनशे पानी शाळकरी वही, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव: ‘पेपर समजायला अत्यावश्यक शब्द’. भाषा मराठी, लिपी तमिळ. आमच्याकडे लिहायची वेळ आली की बहुतेक घरांत असंच लिहितात. आत तीन रकाने. पहिल्यात पेपरातला शब्द, दुसऱ्यात कोशातला अर्थ, आणि तिसऱ्यात तुळजाजींच्या मते खरा अर्थ. उदाहरणार्थ, ‘विश्वसनीय सूत्रांकडून’: बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून. ‘खळबळ’: एका गल्लीत बोलणं झालं. ‘प्रचंड खळबळ’: ती गल्ली वार्ताहराची होती. ‘परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात’: वार्ताहर तिथे गेलेला नाही. ‘चौकशीचे आदेश’: विषय संपला. ‘कथित’: लिहिणाऱ्याची खात्री आहे, वकिलाची नाही. मी हसायची. माझ्यासारखी बाई, जिनं आयुष्यभर फक्त बरोबर आणि चूक एवढ्या दोनच खुणा केल्या, तिला ही तिसरी भानगड फार आवडायची, हे कबूल करते.

या वहीवर गल्लीतली एक मुलगी खरोखर शिकली. नित्या, आमच्यापासून दोन दारं पलीकडे राहणाऱ्या शेषगिरींची. शेषगिरी साड्यांच्या दुकानात उभं राहून पदर दाखवतात आणि घरी येऊन बसतात. आवाज चढवलेला मी तरी ऐकलेला नाही. सरकारी नोकरीच्या परीक्षेत चालू घडामोडींचा पेपर असतो, त्यासाठी नित्या वर्षभर रोज सकाळी तिण्णैवर यायची. पहिला रकाना वाचायची, दुसरा पाठ करायची, तिसऱ्याला हसायची. पहिल्याच खेपेला पास झाली आणि ओरत्तनाडूकडच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून लागली. यश दुसऱ्या रकान्याचं होतं, पण पेढे तुळजाजींनी तिसऱ्याच्या नावावर खाल्ले. तेव्हापासून ते तिला ‘माझी आवृत्ती’ म्हणायचे, आणि ती त्यांना ताता. आजोबांना आमच्यात ताता म्हणतात.

आता गेल्या श्रावणातला तो गुरुवार. सकाळी सात वाजता मी दारात कोलम, म्हणजे आमची तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालत होते आणि तिण्णैवर एकदम शांतता झाली. सहा म्हाताऱ्यांत शांतता झाली की मला आधी भीती वाटते ती कुणीतरी गेल्याची. पण तुळजाजी पहिलं पान दोन्ही हातांत धरून बसले होते आणि पाचही जण त्यांच्याकडे बघत होते. पाच कसले, चारच. हनुमंतराव नव्हते. तिरुवैयारूला त्यांच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून साडेसहाच्या बसनं जाताना ते तिण्णैवर पडलेल्या पेपरातला आपला कागद काढून घेऊन गेले होते. शब्दकोडं सोडायची त्यांची तयारी नव्हती.

बातमी खालच्या कोपऱ्यात होती. ओरत्तनाडूकडच्या कार्यालयात बनावट वारस दाखले दिल्याबद्दल एका वरिष्ठ सहायकाला काल अटक झाली. त्याच कार्यालयातल्या कनिष्ठ सहायक नित्या, वय सत्तावीस, राहणार तंजावूर राजवाडा भाग, यांची पोलिसांनी चार तास चौकशी केली. बनावट दाखल्यांवर नित्या यांचीच सही असल्याचं निष्पन्न झालं. आणि खाली बारीक अक्षरांत: पुढील मजकूर पान सातवर.

पान सात त्या वेळी कावेरीच्या पुलावर होतं.

तिण्णैवरच्या एकानं विचारलंही, की पुढे काय लिहिलंय ते बघायला नको का. तुळजाजींनी नेहमीचं पाल्हाळाचं उत्तर दिलं. मग त्यांनी वही मागवली. वही आली की गर्दी जमते हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि जमलीच. वाण्याचा मुनीम थांबला, दूधवाला थांबला, मी कोलमाच्या पिठाचा डबा घेऊन थांबले. तुळजाजींनी ‘चौकशी केली’ काढलं आणि तिसरा रकाना वाचला: धरलंय, फक्त अजून तसं लिहायचं नाही. कुणीतरी ‘अय्यो’ म्हणालं. त्यांनी मान हलवली. चेहरा दुःखी होता, पण आवाजात दुःख नव्हतं. माझी आवृत्ती, आणि तिच्यात अशी चूक निघावी, असं काहीतरी ते म्हणाले, आणि मला तेव्हा ते फार छान बोलले असं वाटलं.

‘निष्पन्न झाले’ हाही शब्द त्या वहीत होता. मी नंतर काढून बघितला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: पोलिस म्हणाले. तो त्यांनी त्या दिवशी वाचला नाही. वाचला असता तर गर्दी पांगली असती.

दूधवाल्यानं पहिल्या पानाचा फोटो काढला. नऊच्या आत तो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, आणि दहाच्या आत चेन्नई, कोइंबतूर, बंगळूर, जिथे जिथे आमची तंजावूरची माणसं इडली खात होती तिथे तिथे पोचला. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. का जोडले होते ते हात, देव जाणे.

शेषगिरी त्या दिवशी खाली मान घालून दुकानात गेले. लगेच गल्लीनं ओळखलं, की मान खाली आहे म्हणजे खरं आहे. ती मान गेली पंचवीस वर्षं खालीच होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वरलक्ष्मी व्रताचा शुक्रवार. त्या दिवशी संध्याकाळी मी दरवर्षी अकरा घरी हळदकुंकवाचं बोलावणं करते. या वर्षी दहा घरी केलं. शेषगिरींची बायको सुंदरी दाराशी उभी होती, नवी साडी नेसून, आणि मी तिच्या दारावरून पलीकडच्या घरी गेले. पुढे तुळजाजींना मी जे काही ऐकवलं त्यात हे सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. मला त्याची लाज वाटते.

शनिवारी दुपारी हनुमंतराव परतले. बहिणीचा डोळा छान झाला होता, आणि त्या आनंदात त्या बाईनं डोळ्याला पट्टी असतानाच सुनेकडून मुरुक्कू तळून घेतले होते. एक पुडी माझ्याकडे आली. चकलीपेक्षा कडक असतात आमचे मुरुक्कू; माझे दोन दात आधीच गेलेत, त्यामुळे मी ते सावकाश चघळते आणि चघळताना पुडीचा कागद वाचते. तेलानं कागद पारदर्शक झाला होता, पलीकडच्या बाजूचं राशिभविष्य उलटं दिसत होतं. आणि मधोमध मथळा होता: ओरत्तनाडू दाखले प्रकरण, पान एकवरून.

मी मुरुक्कू बाजूला ठेवले. आपल्या सहीची कोणीतरी नक्कल करत आहे हे नित्या यांच्याच लक्षात आलं, असं तिथे लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. वरिष्ठांचा दबाव असतानाही त्यांनी बनावट दाखल्यांच्या नकला जपून ठेवल्या आणि चार तास पोलिसांना एकेक करून समजावून दिल्या. अटक त्यामुळेच झाली. सोमवारी नित्या यांचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवला जाणार आहे. प्रकरण त्या जबाबावर उभं आहे.

मी तसाच तेलकट कागद घेऊन भावोजींकडे गेले. ते झोपले होते. उठवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद उजेडाकडे धरला, आणि सवयीनं आधी एक छपाईची चूक दाखवली. मग वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी वाट बघत होते की आता काहीतरी मखलाशी करतील, आणि केलीच. पानं लावणाऱ्याचा दोष आहे, म्हणाले. अशी बातमी अशा जागी तोडतच नाहीत. मी म्हटलं, तोडली पेपरानं, पण पान सात शिल्लक आहे हे माहीत असून गल्लीला वाचून कुणी दाखवलं? मग ते हनुमंतरावांवर घसरले. कनकलतावहिनी आतून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी कागद बघितलासुद्धा नाही.

“शेषगिरी दोन दिवस झाले पोरीला सांगतोय, तक्रार मागे घे म्हणून,” त्या म्हणाल्या. “सुंदरीनं मला आत्ताच भिंतीवरून सांगिटलं. गल्लींत तोंड दाखवायला होत नाही म्हणतो. अर्ज पण लिहून ठेवलाय, सही तेवढी राहिलीय. तुम्ही अस्के मिळून एवढं केलांत.” अस्के म्हणजे सगळे, त्यात मीही आले.

म्हणजे असं. त्या अटकेतल्या सहायकाला तुरुंगात जाण्यापासून वाचवायला त्याचा वकील लागला नसता. आमची तिण्णै पुरली असती. नित्यानं माघार घेतली की तो सुटणार, आणि बनावट दाखल्यांवरची सही जन्मभर तिचीच राहणार. तुळजाजी खुर्चीत बसले. पहिल्यांदाच मला ते अडुसष्ट वर्षांचे दिसले.

रविवारी सकाळी त्यांनी तिण्णैवर पान सात मोठ्यानं वाचलं, एकही शब्द न गाळता. सगळ्यांनी ऐकलं. “अस्सं होय,” एकजण म्हणाला. दुसऱ्यानं क्रिकेटचं विचारलं. हनुमंतरावांना राग आला तो आपल्या बहिणीच्या मुरुक्कूचं तेल असं चारचौघांत दाखवल्याचा. दूधवाला थांबलाच नाही. वहिनींनी मला ग्रुपवर फोटो टाकायला लावला. त्यावर दोन अंगठे आले, एका आजोबांनी गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हटलं, आणि कोइंबतूरच्या एका बाईनं विचारलं, की कागदाला इतकं तेल कशाचं आहे. अर्धी बातमी तीन तासांत चेन्नईला पोचली होती. पूर्ण बातमीला कुणी गल्लीच्या टोकापर्यंतही नेईना.

तुळजाजींना हे कळायला हवं होतं. वाईट बातमीला पाय असतात आणि तिच्या दुरुस्तीला कुणी उचलून न्यावं लागतं, हे तीस वर्षं पेपरात काढलेल्या माणसाला मी सांगायचं? पण मी काही बोलायच्या आत त्यांनी सदरा चढवला, कागद घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाले, चल. मला का नेलं ते विचारलं नाही. माझंही त्या गल्लीत एका दाराशी माफी मागायचं बाकी होतं.

चौदा घरं. प्रत्येक घरी ते दारात उभे राहून तेच वाक्य बोलले: मी पान सात न वाचताच बोललो, मी चुकलो, पोरीनं चोर पकडून दिलाय, हे वाचा. लोकांची फार पंचाईत झाली. असा थेट चुकलो म्हणणारा माणूस दारात उभा राहिला तर त्याचं करायचं काय, हे आमच्या शिष्टाचारात कुठेच नाही, म्हणून प्रत्येकानं आत बसवून कॉफी दिली. भावोजींना मधुमेह आहे. चौथ्या घरापासून ते आपल्या डबऱ्यातली, म्हणजे टंबलरखालच्या वाटीतली, कॉफी माझ्या टंबलरमध्ये ओतू लागले. नवव्या घरी मी माझा टंबलर पालथा घातला. अकराव्या घरच्या बाईनं कागद पूर्ण वाचला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, की मी शुक्रवारी सुंदरीकडे पाठ फिरवली हो. मी जमिनीकडे बघत होते.

शेवटचं घर शेषगिरींचं. दार उघडंच होतं. शेषगिरी झोपाळ्यावर, सुंदरी स्वयंपाकघराच्या दारात, आणि नित्या जमिनीवर बसून ऑफिसची सुती साडी घडी करत होती. स्टुलावर एक टाइप केलेला कागद होता, वर पेन. आम्ही येतोय हे त्यांना कळलं होतं. आधीच्या तेरा घरांतून ती बातमी आमच्या पुढे धावत आली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

तुळजाजींनी वाक्य सुरू केलं. “ऐकलं, ताता,” नित्या म्हणाली, आणि स्टुलावरचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला. गल्लीतल्या प्रत्येक अर्जाचं असंच होतं. नळाचा असो की नोकरीचा, आधी तुळजाजींनी तपासायचा आणि मग पुढे जायचा. त्यांनी पेन घेतलं, चष्मा सावरला. सदर तक्रार मी गैरसमजातून केली असून, असं काहीतरी सुरू होत होतं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. पेन कुठेही टेकलं नाही.

“अक्षरं बरोबर आहेत,” ते म्हणाले. “तीस वर्षं मी खोट्यांतलीं अक्षरंच नीट केलों. हे मला नक्को.”

त्यांनी कागद तिच्याकडे परत धरला. तिनं घेतला नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. रागानं नव्हे, मला वाटतं रागानं बघितलं असतं तर आम्हां दोघांनाही सोपं गेलं असतं.

“मी घरांतच होतें, ताता,” ती म्हणाली. “गुरुवार, शुक्र, शनवार. रजा होती. दार असंच उघडं होतं. तुमच्या तिण्णैवरचं अस्कं ऐकूं येत होतं मला. तुम्ही पान सात हुडकलां नाहीं ते असूं दे. येऊनशानि मलाच का विचारलां नाहींत?”

आम्हां दोघांना मिळून शब्द बरेच येतात. तमिळ, मराठी, इंग्रजी, तिन्हीतले. पंधरा पावलांवर मुलगी बसली होती आणि आम्ही तिच्याबद्दल पेपरात वाचत होतो. तुळजाजींनी चष्मा कपाळावर ढकलला. मी सुंदरीजवळ गेले आणि शुक्रवारी तिला बोलावलं नाही हे माझं चुकलं, असं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं.

तेवढ्यात झोपाळा थांबला. शेषगिरी उठले, तुळजाजींच्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि साड्यांच्या दुकानातल्या सवयीनं कडा नीट दाबल्या. मग तो खिशात टाकून मुलीला विचारलं, उद्याची बस किती वाजतां.

“सात पस्तीस,” नित्या म्हणाली.

“मी पण येतों.”

सुंदरी आत गेली आणि डब्यांची खडखड सुरू झाली. तुळजाजी घसा साफ करून म्हणाले, की मीही येतो, कोर्टात वयस्कर माणूस बरोबर असलेला बरा. नित्यानं मान हलवली.

“तुम्ही येऊं नका. तुम्ही तिण्णैवर बसा,” ती म्हणाली. “कोण माझ्याबद्दल विचारलं तर सांगा, संध्याकाळी येईल ती, तिलाच विचारा.”